रक्त थांबवणं वेगळं, जखम भरणं वेगळं

गळीत हंगाम तोंडावर आला की सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात कोयत्याच्या जखमांची चर्चा निघतेच. बीडकडून, जत-आटपाडीकडून टोळ्या येतात, वाळवा, पलूस, कऱ्हाडच्या फडांत उतरतात आणि पहिल्या काही दिवसांतच कुणाच्या तरी डाव्या हाताच्या बोटांवर किंवा नडगीवर कोयता बसतो. अलीकडे या चर्चेला दोन तोंडं फुटली आहेत. एक बाजू म्हणते, प्रत्येक मुकादमाकडे, प्रत्येक शाळेत, प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये रक्त गोठवणाऱ्या पावडरीची पाकिटं द्या. सैनिकाला मिळतं ते मजुराला का नको? दुसरी बाजू म्हणते, हळदीच्या सांगलीत पावडर विकत कशाला आणायची? चिमूटभर हळद दाबली की रक्त थांबतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. दोन्हीकडची माणसं कळकळीनं बोलतात आणि दोन्हीकडून एकच चूक होते. सगळा वाद जखमेत काय भरायचं यावर चालतो. रक्त थांबल्यानंतर पुढचे पंधरा-वीस दिवस त्या जखमेचं काय होतं, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रक्त थांबवणं आणि जखम भरून येणं ही दोन कामं आहेत. पहिल्या कामात उपयोगी पडणारी वस्तू दुसऱ्या कामात आडवी येऊ शकते, आणि पुष्कळदा येते. म्हणून घरात, फडात, शाळेत उघड्या जखमेत कसलीही भुकटी घालू नये. हळदही नको आणि परदेशी पावडरही नको. तिथं स्वच्छ कापड, हाताचा भरपूर दाब आणि लवकरात लवकर दवाखाना एवढंच हवं. रक्त गोठवणाऱ्या साधनांना जागा नक्की आहे. ती रुग्णवाहिकेत आहे, ऑपरेशन थिएटरात आहे, शिकलेल्या हातात आहे. आणि या विषयावर सार्वजनिक पैसा खर्चायचा असेल, तर ज्या एका औषधावर तो आधी खर्चायला हवा त्याचं नावही या वादात येत नाही.

मुळात रक्त गोठताना काय होतं? कापलेल्या जागी आधी प्लेटलेट चिकटतात. मग थ्रॉम्बिन नावाचं विकर तयार होतं आणि ते रक्तातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनवतं. त्या जाळ्यात लाल पेशी अडकतात आणि गाठ घट्ट होते. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्याच प्लेटलेटमधून वाढीचे घटक पाझरतात आणि ते पांढऱ्या पेशींना, नवं ऊतक विणणाऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतात. या पेशी फायब्रिनचे तंतू धरून आत सरकतात, लालसर दाणेदार मांसांकुर उगवतात, कडेची त्वचा हळूहळू मध्याकडे येते. आणि नवं ऊतक जसं उभं राहतं, तसं प्लाझ्मिन नावाचं दुसरं विकर ती जुनी गाठ विरघळवत जातं. घर बांधताना स्लॅबखालच्या सेंट्रिंगचं असंच असतं: स्लॅब धरायला ते हवंच, पण स्लॅब पक्का झाल्यावर ते काढलं नाही तर त्या घरात राहता येत नाही.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. फॅक्टर तेरा हा फायब्रिनचे तंतू एकमेकांना सांधून पक्के करणारा घटक. तो जन्मतःच कमी असलेल्या माणसांत रक्तस्राव तर होतोच, शिवाय जखमाही नीट भरत नाहीत. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे गाठ कच्ची असेल तर जखम रखडते. मग गाठ जितकी पक्की तितकं चांगलं, असं म्हणायचं का? १९९६ साली प्लाझ्मिनोजेन, म्हणजे ज्यापासून प्लाझ्मिन बनतं तो घटक नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्या उंदरांच्या जखमा फारच हळू भरल्या, कारण फायब्रिन हटवायची सोयच त्यांच्या शरीरात नव्हती. पुढे अशाच उंदरांमध्ये फायब्रिनोजेनही नाहीसं केलं, तेव्हा जखमा जवळपास नेहमीच्या वेगानं भरू लागल्या. या दोन निष्कर्षांकडे एकत्र पाहिलं की पावडरवाल्यांचं आणि हळदवाल्यांचं समान गृहीतक ढासळतं. गाठ वेळेवर बसली पाहिजे आणि वेळेवर गेलीही पाहिजे. थ्रॉम्बिन जास्त असेल तर फायब्रिनचं जाळं बारीक आणि दाट विणलं जातं, ते सहज विरघळत नाही. त्वचेखाली रक्ताचा मोठा गोळा साठून राहिला तर तिथं जंतू वाढतात आणि टाके उसवतात. म्हणून तर सर्जन टाके घालण्याआधी साकळलेलं रक्त काढून टाकतात. वेगानं गोठलेलं रक्त म्हणजे निम्मी भरलेली जखम, हे समीकरण शरीराला मान्य नाही.

आता पावडरवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. तो फौजींकडून येतो आणि तो हलका नाही. सातारा जिल्ह्यात आपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात गेलेला आहे. तिथला निवृत्त सुभेदार जेव्हा सांगतो की माणूस मेला तर जखम भरायला उरतच नाही, तेव्हा त्याला उत्तर द्यावंच लागतं. २००१ ते २०११ या काळातल्या अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा रुग्णालयात पोचण्याआधीच्या ज्या मृत्यूंना टाळता आलं असतं त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचं कारण रक्तस्राव होतं. जांघेत किंवा काखेत मोठी नस तुटली तर तिथं पट्टा आवळता येत नाही, नुसता दाबही पुष्कळदा पुरत नाही. अशा जखमेत गोठवणारं साधन जीव वाचवू शकतं. हे मी पूर्णपणे मान्य करतो.

पण सैन्याचा दाखला द्यायचा तर सैन्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगायला हवी. २००२ च्या सुमारास क्विकक्लॉट नावाची झिओलाइट खनिजाची दाणेदार पावडर बाजारात आली. ती रक्तातलं पाणी शोषते आणि गोठवणारे घटक एका जागी दाट होतात. पण पाणी शोषताना झिओलाइट तापतं, आणि ते इतकं तापायचं की जखमेच्या आतलं आणि कडेचं मांस भाजायचं. रक्त थांबायचं आणि सैनिकाच्या अंगावर एका जखमेच्या जागी दोन व्हायच्या. २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय समितीनं ती दाणेदार पावडर मागे सारली आणि केओलिन ही पांढरी माती लावलेलं गॉज पुढे केलं. त्याच वेळी वूंडस्टॅट नावाची चिकणमातीची दाणेदार भुकटीही सुचवली गेली होती. डुकरांवरच्या चाचण्यांत रक्त थांबवण्यात ती अव्वल ठरली होती. पुढच्या प्रयोगांत दिसलं की ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करते, वाहिनीतच गाठी धरतात. थोड्याच काळात तीही मागे घेतली गेली. आज आपल्याकडे ‘सैन्य वापरतं’ म्हणून ज्या सुट्या पावडरीचा आग्रह धरला जातो, तो प्रकार सैन्यानं अनुभव घेऊन सोडून दिला आहे. त्यांनी ठेवलं ते गॉज, कारण गॉज आत भरता येतं, दाबता येतं आणि सर्जनला एका ओढीत सगळंच्या सगळं बाहेर काढता येतं. शिवाय ते गॉज भरल्यावरही किमान तीन मिनिटं हातानं दाबून धरावंच लागतं. डुकरांवरच्या एका तुलनेत तर साधं गॉज नीट ठासून भरून दाबलं, तेव्हा महागड्या साधनांशी त्याचा फरक दिसला नाही. मग दाब शिकवायच्या आधी पाकिटं वाटायची घाई कशासाठी?

ऑपरेशन थिएटरातही हीच कथा दिसते. हाडातून येणारं रक्त थांबवायला मेण लावतात. रक्त लगेच थांबतं, पण ते मेण शरीरात विरत नाही आणि हाड जुळायला अडथळा करतं. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं कापड फार कामाचं आहे, मात्र ते फुगतं, म्हणून मणक्याच्या पोकळीजवळ वापरलं तर काम झाल्यावर काढून घ्या असं सर्जनना बजावलेलं असतं. गाईच्या रक्तातून काढलेलं थ्रॉम्बिन अनेक वर्षं वापरात होतं. काही रुग्णांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, ती माणसाच्या स्वतःच्या फॅक्टर पाच या रक्त गोठवणाऱ्या घटकावरही चाल करून गेली, आणि रक्त थांबवण्यासाठी दिलेल्या औषधामुळेच पुढे रक्तस्राव झाले. त्वचेची छोटी शस्त्रक्रिया झाल्यावर वापरली जाणारी लोहाची आणि ॲल्युमिनियमची क्षारद्रव्यं रक्त पटकन थांबवतात, पण ऊतक जाळून थांबवतात, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. न्हाव्याकडची तुरटी याच कुळातली. दाढीच्या ओरखड्याला ती चालते, कारण ओरखडा वरवरचा असतो. कोयत्याच्या जखमेला तोच न्याय कसा लावणार?

आता हळद. इथं मला जास्त थांबावं लागेल, कारण इथं जिव्हाळा गुंतलेला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, ही आपल्या शेतकऱ्यांच्या बुद्धीची साक्ष आहे. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी गेली, याची हळहळ मलाही आहे. आणि हळदवाल्यांचा हुकमी दाखला म्हणजे अमेरिकेतला पेटंटचा खटला. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या विजयाचा अभिमान बाळगायलाच हवा. पण त्या खटल्यात सिद्ध काय झालं? एवढंच की जखमेवर हळद लावण्याची कल्पना नवी नाही, भारतात ती आधीपासून लिहिलेली आणि वापरलेली आहे. स्वयंपाकघरातली हळद कोयत्याच्या खोल जखमेत भरली तर ती लवकर भरते की उशिरा, हा प्रश्न त्या कचेरीपुढे नव्हताच. पेटंट कार्यालयाचा निकाल दवाखान्यातला पुरावा म्हणून मांडणं, हा माशेलकरांच्या कामगिरीवरही अन्याय आहे.

हळदीत काहीच नाही असं मी म्हणत नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य सूज कमी करतं, जंतूंना काही प्रमाणात आवर घालतं, कर्क्युमिन घातलेल्या पट्ट्या आणि जेल यांनी प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे निष्कर्ष आहेत. पण तिथं शुद्ध केलेला घटक असतो, मोजून घेतलेला असतो, निर्जंतुक पट्टीत असतो. डब्यातली हळद शेतातून येते, शिजवतात, उन्हात पसरून वाळवतात, पॉलिश होते, गिरणीत दळली जाते. मसाल्यांच्या भुकटीत जिवाणूंचे बीजाणू सापडतात आणि ते उकळूनही सगळे मरत नाहीत. भाजीत ते आपलं काही बिघडवत नाहीत. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत मात्र बीजाणूंना हवी तशी जागा मिळते. आणखी एक गोष्ट हळदवाल्यांनी लक्षात घ्यावी: प्रयोगनळीत कर्क्युमिन प्लेटलेटना एकत्र यायला अडवतं. चिमूटभर हळद दाबल्यावर रक्त थांबतं, ते बहुतेक वेळा कोरडी भुकटी ओल शोषते म्हणून आणि ती दाबली जाते म्हणून. त्यातलं खरं काम बोटाचं असतं. मग बोटाखाली स्वच्छ कापड का नको?

परंपरेचाच आधार घ्यायचा, तर सुश्रुत काय म्हणतो ते पाहू. आपल्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात त्यानं रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखम सांधणं, थंडाव्यानं रक्त घट्ट करणं, भस्मानं पिकवणं आणि शेवटी डाग देऊन शिरा आकसवणं. त्यांचा क्रमही ठरवून दिला आहे, आणि आधीचे तीन उपाय फसले तरच डाग द्यावा असं तो स्पष्ट म्हणतो. सर्वांत जोरकस उपाय त्यानं सर्वांत शेवटी ठेवला, कारण त्याची किंमत त्याला कळत होती. व्रण भरण्याचा विचार तर त्यानं वेगळाच केला. चिकित्सास्थानात त्यासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत आणि व्रण भरण्याच्या उपायांआधी तो शुद्ध व्हायला हवा हे धरून ते लावले आहेत. ज्या परंपरेनं ही दोन कामं इतक्या काटेकोरपणे वेगळी केली, तिच्याच नावानं आपण ती एका चिमटीत कोंबतो आहोत.

युरोपात हेच शहाणपण फार उशिरा आलं. सोळाव्या शतकात बंदुकीच्या जखमांत उकळतं तेल ओतायची रीत होती. १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेत आम्ब्रुआझ पारे या तरुण शल्यवैद्याचं तेल संपलं. नाइलाजानं त्यानं अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइनचा लेप लावला. सकाळी पाहिलं तर लेप लावलेले सैनिक शांत झोपले होते आणि तेल ओतलेले तापानं आणि वेदनेनं तळमळत होते. पहिल्या महायुद्धात, ज्या युद्धात आपशिंग्याची माणसंही परमुलखात लढली आणि पडली, अलेक्झांडर फ्लेमिंगनं फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात दाखवून दिलं की खोल जखमांत ओतलेली जंतुनाशकं जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच जास्त मारतात. तेव्हाही ओतणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जखमेत काहीतरी घातल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही, ही माणसाची जुनी ओढ आहे आणि तिनं फार माणसं मारली आहेत.

आपल्या घरातलंच उदाहरण द्यायचं तर बाळाची नाळ. नाळेवर शेण, राख, तेल, हळद लावायची रीत देशभर होती आणि नवजात बाळं धनुर्वातानं दगावत होती. २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. हे कशानं घडलं? कुणी नाळेसाठी जास्त चांगली भुकटी शोधली नाही. गरोदरपणात लस दिली, स्वच्छ ब्लेड वापरलं, स्वच्छ दोऱ्यानं बांधलं आणि नाळेवर काहीही लावू नका हे दाई-आशाताईंनी घरोघर सांगितलं. नाळेच्या बाबतीत जे आपण स्वीकारलं, ते शेतातल्या जखमेच्या बाबतीत स्वीकारायला काय हरकत आहे?

चुना, तंबाखू, कॉफी यांच्यावर वेळ घालवायची गरज नाही. चुना ऊतक जाळतो, तंबाखू आणि कॉफी घाण आत नेतात. दगडीपाला थोडा वेगळा आहे. त्याच्या रसाचे काही गुण प्रयोगांत दिसले आहेत आणि बांधावर बोटाला खरचटल्यावर कुणी तो चोळला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण बांधावरचा पाला मातीतूनच येतो आणि धनुर्वाताचे जंतूही मातीतच असतात.

या सगळ्यावरचा खरा कठीण आक्षेप अंतराचा आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून लाँचनं यावं लागतं. जतच्या पूर्वेकडच्या वस्तीवरून मिरज गाठायला किती वेळ जातो हे तिथल्या माणसाला विचारा. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं तेव्हापासून आसपासच्या मुलखाला तिथं आधार मिळत आला, पण आधार असणं आणि तो वेळेत हाती लागणं यांत घाट आणि रस्ते आडवे येतात. ‘दवाखाना जवळ असणाऱ्यांनी आम्हाला भुकटी लावू नका असं सांगू नये,’ हा संताप रास्त आहे. तरीही माझं उत्तर तेच आहे, किंबहुना अंतर जितकं जास्त तितकं ते जास्त लागू पडतं. दोन-तीन तास लांब असलेल्या माणसाला टिकणारा उपाय हवा. भुकटीनं धरलेली खपली जीपच्या हादऱ्यानं सुटते. घडी करून दाबलेलं आणि वरून करकचून बांधलेलं कापड टिकतं. हातापायाची मोठी नस तुटून रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील आणि दाबानं ऐकत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा आणि वेळ लिहून ठेवावी. अशा लांबच्या वस्त्यांसाठी धावणाऱ्या रुग्णवाहिकांत केओलिनचं गॉज जरूर ठेवा, त्याला माझा पाठिंबाच आहे. आणि दूरच्या जखमी माणसाला संसर्गाचा धोका जास्त असतो हे विसरून कसं चालेल? तो दवाखान्यात पोचतो तेव्हा जखमेतली पिवळी किंवा राखाडी भुकटी आधी धुऊन, खरवडून काढावी लागते. तोवर आतला स्नायुबंध तुटलाय की शाबूत आहे, हे डॉक्टरला नीट दिसत नाही. डाव्या हाताची बोटं पुन्हा मिटतील की नाही, हे त्या पाहण्यावर ठरतं. ऊस धरायचा हात तोच.

इथं मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. भुकटी सोयीची आहे, पण कुणाच्या? रक्त थांबलं की माणूस पुन्हा फडात उभा करता येतो. उचल अंगावर असते, मुकादमाचा तगादा असतो, जोडीदारीण एकटी कोयता चालवू शकत नाही, म्हणून तो तिसऱ्या दिवशी कामाला लागतो, चिंधी गुंडाळून, उसाच्या पाचटात. मांसांकुर नुकते उगवत असतात, ते फाटतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, कोरड्या खपलीच्या मानानं जवळपास दुप्पट वेगानं येते. म्हणजे जखमेला स्वच्छ पट्टी हवी, ती बदलायला कुणीतरी हवं आणि थोडे दिवस विसावा हवा. या गोष्टींचा खर्च पाकिटापेक्षा जास्त आहे आणि तो कारखान्यानं, ठेकेदारानं, सरकारनं उचलायचा आहे. वाद भुकटीवर अडकला की हा खर्च कुणाच्या नावावर पडतच नाही.

आता सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या औषधाकडे येतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधलं. ते नवी गाठ तयार करत नाही. शरीरानं बांधलेली गाठ अवेळी विरघळू देत नाही. ते शिरेतून देतात, जखमेत काहीच घालावं लागत नाही आणि काही तासांत त्याचा अंमल ओसरतो, त्यामुळे पुढे गाठ विरघळून जखम भरायची वाट बंद होत नाही. २०१० मध्ये क्रॅश-२ ही चाचणी प्रसिद्ध झाली. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २० हजारांहून अधिक जखमींवर ती झाली होती, आणि त्यात भारतातली रुग्णालयंही होती. औषध मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १४.५ टक्के होतं, न मिळालेल्यांत १६. हा फरक लहान वाटेल, पण महामार्गावर वर्षभर अपघात मोजणाऱ्या जिल्ह्याला तो लहान नाही. आणि औषध स्वस्त आहे. मात्र पुढच्या विश्लेषणात दिसलं की फायदा तीन तासांच्या आत दिलं तरच होतो; त्यानंतर दिलं तर रक्तस्रावानं मरण्याचा धोका उलट वाढतो. पोटात आतड्यांतून होणाऱ्या रक्तस्रावात त्याचा फायदा झाला नाही आणि शिरांमध्ये गाठी होण्याचं प्रमाण वाढलं, हे २०२० च्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. म्हणजे इतकं गुणी औषधही वेळ आणि जागा चुकली की उलटतं. शिराळ्याच्या बाजूला घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही, कारण तिच्या विषानं गोठवणारे घटकच वापरून संपवलेले असतात. तिथं गोठवणारं कुठलंही पाकीट फुकट आहे, प्रतिविष हाच इलाज. या बारकाव्यांमुळेच हे निर्णय दवाखान्यात आणि रुग्णवाहिकेत व्हायला हवेत.

म्हणून मागायचंच असेल तर हे मागा. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून धावते. आपल्या भागातल्या गाडीत आणि ग्रामीण रुग्णालयात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हाताशी आहे का आणि ते पहिल्या तीन तासांत दिलं जातं का, हे जिल्हा परिषदेच्या सभेत विचारा. हंगामाआधी प्रत्येक टोळीला धनुर्वाताची लस मिळाली का, हे कारखान्याच्या सभेत विचारा. पाकिटांच्या पैशात गॉजच्या निर्जंतुक घड्या आणि रुंद पट्ट्या घ्या. दाब कसा द्यायचा हे शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही; साताऱ्यात असे शेकडो निवृत्त जवान आहेत ज्यांना ते शिकवलं गेलं आहे. त्यांना शाळांत आणि फडांवर बोलवा. कापड ठेवून तळहातानं पूर्ण वजन टाकायचं, मधेमधे उचलून पाहायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं, हे मुलं-बाया एका दुपारी शिकतात.

आणि जखमी माणसाला पाठवताना मुकादमानं किंवा शिक्षकानं दोन ओळींची चिठ्ठी त्याच्या खिशात घालावी: जखम किती वाजता झाली, आणि जखमेत काही घातलं असेल तर काय. औषध द्यायचं की नाही हे पहिल्या ओळीवर ठरतं. टाके लगेच घालायचे की जखम धुऊन काही दिवस उघडी ठेवायची, हे ठरवायला दुसरी ओळ लागते.